विचारून चालू होणारा डबा

हळद शिजायला लागली की तिचा वास गावाच्या अलीकडेच गाडीत शिरतो. ओल्या मातीसारखा, थोडा कडवट, थोडा औषधी. यंदा हट्ट्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागच्या सीटवरून माझी मुलगी तन्वी म्हणाली, "पप्पा, काच वर करा ना, किती वास येऊन राहिला." मी काच वर केली नाही. हा वास मला वर्षातून एकदाच मिळतो. तो आवडतो असंही मला म्हणवत नाही.

तन्वीच्या मांडीवर व्हिडिओ गेमचा नवा डबा होता. नववीची परीक्षा संपली म्हणून आम्ही दोघांनी नांदेडला जाऊन तो आणला होता, सोबत एका गेमची डिस्क. गावी आईकडे आठ दिवस राहायचं, बाहेर ऊन, अंगणभर हळद वाळत पडलेली, मग पोरीनं दिवसभर करायचं काय, म्हणून डबा बरोबर घेतला. पोचल्या पोचल्या तिनं तो आईच्या टीव्हीला स्वतःच जोडला. पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली: इंटरनेटशी जोडा.

आमच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीपाशी येते, आणि वारा बरा असला तर आमच्या माडीच्या खिडकीत. तन्वीनं मोबाईल खिडकीच्या गजाला रुमालानं बांधला. एकदा जोडलं गेलं, गेम सुरू झाला, ती सरसावून बसली. पाच-सात मिनिटांत पडदा पुन्हा निळा. पुन्हा बांधाबांध. पुन्हा निळा. गेम तिला एकटीलाच खेळायचा होता, लांबचं दुसरं कुणी त्यात नव्हतंच. तरी त्या डब्याला दर थोड्या वेळानं कुठल्या तरी परदेशातल्या कंपनीला विचारून यायचं होतं, की ही मुलगी खेळली तर चालेल का.

शेवटी तिनं हातातला रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, पण हा आपलाच आहे ना? आपणच आणला ना?"

मी हो म्हणालो आणि उठून ओसरीवर गेलो. असाच प्रश्न याच घरात, हळदीच्याच दिवसांत, मी आधी एकदा ऐकला होता. त्या वेळी दाराच्या आतल्या बाजूला मी होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आठवी-नववीतला आमचा उन्हाळा हळदीत बुडून जायचा. तेव्हा ट्रॅक्टरवर चालणारे, हळद शिजवायचे कुकर नव्हते. शेतात भल्यामोठ्या कढईत हळद शिजायची, खाली हळदीचाच वाळलेला पाला जळायचा आणि धुरात डोळे चुरचुरायचे. शिजलेली हळकुंडं बैलगाडीनं गावात यायची आणि जिथं म्हणून सपाट जागा असेल तिथं पसरली जायची. आमचं अंगण, देवळापुढचं पटांगण, शाळेचं मैदान, सगळं पिवळं. क्रिकेट बंद. हळकुंडांवर पाय पडला की मोठी माणसं ओरडायची. अशा वेळी ज्याच्या घरी खेळायचं काही असेल, तो राजा.

त्या वर्षी ते 'काही' सुमेधकडे आलं. सुमेध माझ्याच वर्गात होता, माझ्याहून हुशार, आणि टोमणा मारण्यात गावात पहिला. त्याचा मोठा भाऊ गौतमदादा औरंगाबादला कारखान्यात लागला होता. त्यानं सुमेधसाठी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा पाठवला. पांढऱ्या प्लॅस्टिकचा डबा, दोन रिमोट आणि वरून खोचायची एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर नव्व्याण्णव गेम लिहिलेले. खरे पाच, बाकी तेच पाच पुन्हा पुन्हा. डबा आला, पण सुमेधच्या घरी टीव्ही नव्हता. दादा तो दिवाळीला आणणार होता. टीव्ही आमच्याकडे होता, रंगीत.

सुमेधचं घर बौद्धवाड्यात. त्याची आई आमच्या शेतात हळद निवडायला यायची. तो आमच्या ओसरीवर शेकडो वेळा आला होता. बैठकीत कधी नाही. कुणी त्याला 'येऊ नको' म्हटलेलं मला आठवत नाही. म्हणावं लागत नसे. त्याचा चहाचा पेला बाहेरच्या कोनाड्यात असायचा. हे मी तेव्हा रोज बघत होतो आणि मला ते दिसत नव्हतं. तो डबा आला आणि अडचण झाली, कारण रिमोटची वायर जेमतेम तीन हात. ओसरीपर्यंत पोचायची नाही. त्या वायरीमुळे सुमेध पहिल्यांदा आमच्या बैठकीत टीव्हीसमोर येऊन बसला. आईनं बघितलं. आणि सतरंजी उचलून नेली. आम्ही दोघंही फरशीवर बसलो. मला वाटलं, बरं झालं, फरशी गार असते.

पहिले आठ दिवस सुखाचे होते. सुमेध पिशवीत डबा घेऊन यायचा, आम्ही जोडायचो, आणि जाताना तो घेऊन जायचा. हळद हलवून आलेली बोटं आमची, त्यामुळे रिमोटची बटणं पिवळी झाली होती. विमानाच्या गेममध्ये तो माझ्या कितीतरी पुढे असायचा. "अबे दिल्या, विमान चालवून राहिला का बैलगाडी?" असं म्हणून खिदळायचा. मग एक दिवस मीच म्हणालो, "रोज काहून काढतो, लावतो? पिन ढिल्ली होऊन राहिली. राहू दे ना इथंच."

मी ते मदत म्हणूनच म्हणालो होतो. पिन खरंच ढिली होत होती. सुमेधनं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बराबर हाय. राहू दे."

त्या दिवसापासून डबा त्याचा आणि चालू करणं माझ्याकडे, असं झालं. आधी तो सरळ येऊन बसायचा. मग दारातून विचारू लागला, "चालू हाय का?" मग विहिरीवर, रस्त्यात भेटला की आधीच विचारून ठेवू लागला, "दुपारून येऊ का?" मी कधी हो म्हणायचो, कधी नाही. नाही म्हणायला एक कारण गावातच तयार होतं. तेव्हा सगळ्यांची समजूत होती की गेम जास्त खेळला की टीव्हीची पिक्चर ट्यूब तापते आणि जाते. मधूनमधून टीव्हीला आराम द्यायचा, त्याच्या पाठीला हात लावून बघायचा, असं आम्ही खरोखर करायचो, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसं. "टीव्ही तापलाय," एवढं म्हटलं की पुढे कुणी काही बोलायचं नाही. पहिल्यांदा मी ते म्हणालो तेव्हा टीव्ही खरंच तापला होता. दुसऱ्यांदा, थोडासा. नंतर मी हात लावून बघणंच सोडून दिलं.

माझा भाचा ओंकार पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. तन्वीचा डबा बंद पडला त्या दिवशी मी त्यालाच फोन केला होता. तो समजावून सांगू लागला, "मामा, त्याशिवाय चोरी कशी थांबणार? एक डिस्क आणायची आणि पन्नास जणांनी वापरायची. शिवाय अपडेट मिळतात, पोरं लांबच्या मित्रांशी खेळतात. आणि नेट आता कुणाकडे नसतं?" पोरगा मनानं चांगला आहे, आणि त्याचं अर्धं म्हणणं मला पटतं. लांबच्या मित्राशी खेळायचं तर नेट हवंच. चोरीचंही मी नाकारत नाही; आमची ती नव्व्याण्णव गेमची कॅसेट कुठली खरी असणार? दुकानातून आणल्यावर एकदा तपासा, बाबांनो. ओळख पटवून घ्या. पण एकदा ओळख पटल्यावर माझ्या घरात, माझ्या विजेवर, माझ्या पोरीनं एकटीनं खेळताना दर घटकेला कुणाच्या दारात उभं राहायचं आणि काहून?

मी ओंकारला विचारलं, "आणि कंपनीनं उद्या ते तपासायचं दुकान बंद केलं तर?"

"मग तो गेम चालणार नाही मामा. पण तोपर्यंत नवा आलेला असतो."

हे तो इतक्या सहज बोलला की मला माझाच जुना आवाज ऐकू आला. 'नेट कुणाकडे नसतं' असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या गावाच्या पुढच्या एखाद्या वस्तीवर चार दिवस राहायला बोलावतो. इथं सतत असं काहीच येत नाही. वीज पाळीनं येते, नळ दोन दिवसांआड, एसटी आली तर आली. आम्ही त्यावर रडत बसलेलो नाही. त्यातच पिकवतो, शिकतो, नोकऱ्या करतो. पण म्हणूनच इथल्या माणसाला एकदा घेतलेल्या वस्तूची किंमत कळते. कुदळ घेतली की ती आपली. सायकल घेतली की ती आपली, पंक्चर झाली तरी आपली. बिघडेल, झिजेल, पण ती कुणाला विचारून चालणार नाही. हा साधा हक्क कुणी सोयीच्या नावाखाली काढून घेऊ लागलं तर मी गप्प बसणार नाही. माझ्यासारख्यानं तर नाहीच. कारण परवानगी देणाऱ्याच्या मनात काय चालतं, हे मला आतून माहीत आहे. तो दुष्ट असावा लागत नाही. मी दुष्ट नव्हतो. सुमेध मला आवडायचा. माझ्या हातात फक्त 'नाही' म्हणायची सोय आली होती. सोय हातात आली की माणूस ती वापरतो. आज खऱ्या कारणासाठी, उद्या लहानशा कारणासाठी, आणि परवा विनाकारण.

तो परवाचा दिवस चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आला.

जयंतीसाठी गौतमदादा गावी आला होता. पांढरा शर्ट, पायात बूट, खिशाला पेन. दुपारच्या एसटीनं त्याला परत जायचं होतं. त्याला जाण्याआधी एकदा तो डबा चालू झालेला बघायचा होता. पाठवला त्यानं, पण खेळताना कधी बघितलेला नव्हता. सुमेधनं त्याला विमानाच्या गेमचं खूप सांगितलं असणार. दोघं भाऊ हळदीच्या कडेकडेनं अंगण ओलांडून ओसरीपाशी आले. मी आत खेळत होतो. एकटा.

"दिल्या," सुमेधनं हाक मारली. "दादा आलाय. पाच मिनिटं बघतो म्हणतो."

मी उठून दारात गेलो. मागं टीव्हीवर गेम चालूच होता, त्याचं टुंई टुंई संगीत वाजत होतं. मी चौकटीला हात लावून म्हणालो, "टीव्ही तापलाय."

संगीत वाजत होतं. तिघांनाही ऐकू येत होतं. सुमेधचा चेहरा आधी हसरा झाला, त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तो हसू विसरला. म्हणाला, "अबे, पण डबा आपला हाय ना? दादानं आणला ना?"

गौतमदादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं अंगणातल्या हळदीकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू दे. तकलीफ नको देऊ कुणाला. चल, गाडी येईल."

मी तसं का केलं, याचं कारण मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो, की मी सुमेधच्या पुढे जाणार होतो, शेवटचं विमान उरलं होतं, मधेच सोडलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं. हे खोटं नाही. पण खरं कारण दुसरं आहे. सुमेध पोरगं होता, तो फरशीवर बसायचा. गौतमदादा मोठा माणूस होता, बूट घातलेला. तो आत आला असता तर त्याला खुर्ची द्यावी लागली असती. आमच्या बैठकीत खुर्च्या होत्या. त्या क्षणी, चौदा वर्षांच्या माझ्या डोक्यात, कुणीही न शिकवता, ती खुर्ची आली. आणि माझ्या हाताशी टीव्ही तापल्याचं कारण होतं. ते कारण नसतं तर मला तोंडानं सांगावं लागलं असतं, की दादा, तुम्ही आत येऊ नका. ते सांगायची माझी हिंमत झाली नसती. मी बाजूला सरलो असतो. म्हणून मला या सोयीचा एवढा राग आहे. पडद्यावरची ती सभ्य अक्षरं दिसली की मला चौकटीला लावलेला माझा हात दिसतो.

संध्याकाळी सुमेध एकटाच आला. ओसरीवरच थांबला आणि म्हणाला, "काढून दे." मी वायरी काढल्या, डबा पिशवीत घातला. आई स्वयंपाकघरातून बघत होती. "नेतो का रे? राहू दिला असता," ती म्हणाली. सुमेधनं पिशवी खांद्याला लावली. टीव्ही नसलेल्या घरात तो डबा घेऊन गेला, आणि दिवाळीपर्यंत तो त्यांच्या फळीवर नुसता पडून होता. बंद, पण त्यांचा.

दिवाळीत त्यांच्याकडे टीव्ही आला. पुढच्या साली हळदीचे दिवस आले तेव्हा अंगणं पुन्हा पिवळी झाली, आणि गावातली सगळी पोरं, आमच्या आळीतलीसुद्धा, सुमेधच्या घरी. मी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी गेलो. दारात उभा राहिलो. आत दहा-बारा पोरं दाटीवाटीनं बसलेली, सुमेध मधोमध. त्यानं मान वळवून मला बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "थांब रे दिल्या. टीव्ही तापलाय."

पोरं हसून लोळली. गोष्ट गावभर झाली होती तर. मी वळलो.

"अबे ये," तो मागून ओरडला. "बस. मी काय तू हाय का?"

त्यानं सरकून जागा केली आणि रिमोट माझ्या हातात दिला. त्याच्या आईनं मला चहा दिला, घरातल्याच कपात. मी तो प्यालो, आणि आमच्याकडच्या कोनाड्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. सुमेध आणि मी पुन्हा मित्र झालो, आजही आहोत. तो परभणीला बँकेत आहे. त्या दिवसाबद्दल मात्र आम्ही पुन्हा कधी बोललो नव्हतो.

हे सगळं मी यंदा ओसरीवर बसून तन्वीला सांगितलं. खुर्चीसकट. मुलीच्या डोळ्यांत आपण लहान होताना बघणं सोपं नसतं. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं एक हळकुंड ढकलत राहिली. मग म्हणाली, "मला नको हा डबा. नेट न मागणारा जुना असला तरी चालेल." दुसऱ्याच दिवशी नांदेडला जाऊन तो परत केला. दुकानदार म्हणाला, "सर, आता सगळे असेच येणार. किती दिवस थांबाल?" मी म्हटलं, थांबू. घेणारे थांबले तर बनवणाऱ्यांना विचार करावा लागतो. तो हसला. हसू दे.

परतताना तन्वीनं गाडीत विचारलं, "पप्पा, तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात का?"

गाडी कडेला घेऊन मी सुमेधला फोन लावला. सगळं ऐकून तो आधी मोठ्यानं हसला. "अबे, मी तर पुढच्याच साली वसूल केलं. मला काहून फोन करून राहिला? डबा दादानं आणला होता. दारात तो उभा होता. त्याला लाव."

म्हणजे इथंही मी सोपं दार निवडलं होतं.

गौतमदादांनी कारखान्यातून लवकर निवृत्ती घेतली, औरंगाबादलाच राहतात; सुमेधकडून नंबर घेऊन मी त्यांना फोन लावला. "कोण?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. "हां, बोल की. हळद झाली का तुमची?" मी हळदीचं सोडून बाकी सगळं बोललो. अडखळत, रस्त्याच्या कडेला, मुलगी शेजारी ऐकत असताना. टीव्हीचं बोललो. मग खुर्चीचं बोललो.

मग ते म्हणाले, "टीव्हीचं मला तवाच कळलं होतं. खुर्चीचं बी कळलं होतं. तुला कळलं होतं का न्हाई, तेवढं माहीत नव्हतं."

"दादा, माफ केलं म्हणा."

"तू सांगितलं, मी ऐकलं. चांगलं केलं सांगितलं," ते शांतपणे म्हणाले. "पण माफ केलं का न्हाई, ते माझं हाय. ते माझ्यापाशी राहू दे."

तन्वीनं माझ्याकडे बघितलं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. माझ्या तोंडात आणखी एक विनवणी तयार होती.

"बराबर हाय, दादा," मी म्हणालो, आणि पुन्हा विचारलं नाही.